गाठीखालची बोर

बोरं आली की मला काही सुधरत नाही. आंब्याच्या दिवसांत मी शहाणी असते, मोहफुलांच्या दिवसांत तर घरातली सगळ्यात शहाणी मीच. पण मार्गशीर्ष सरत आला आणि ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर बायांच्या टोपल्यांत पिवळी-तांबूस बोरं दिसायला लागली, की घ्यावी की न घ्यावी इथूनच माझा घोळ सुरू होतो. घेतली तर कोणासाठी घेतली ते कळत नाही. न घेता जीपमध्ये बसले तर अर्ध्या रस्त्यात वाटतं, घ्यायला पाहिजे होती. यंदा दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा जीपमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या ओटीत टाकून मोकळी झाले. घरी आल्यावर आमचे हे विचारतात, "पिशवीत काय आनलं?" मी म्हणते, "काई नाई." आणि पिशवीत खरंच काही नसतं.

तसं पाहिलं तर बोर हे काय असं फळ आहे, की ज्याच्यापायी बाईमाणसानं एवढं गडबडून जावं? आंबा लावतात, पेरू लावतात, लिंबाला पाणी घालतात. बोर कोणी लावत नाही. ती शेताच्या धुऱ्यावर उगवते, बोडीच्या पाळीवर उगवते, पडीत उगवते. आमच्याकडे गावातल्या लहान तलावाला बोडी म्हणतात आणि तिच्या बांधाला पाळ. उन्हाळ्यात पाळीवरच्या बोरी नुसत्या काटक्या होऊन उभ्या असतात, कोणी ढुंकून बघत नाही. हिवाळ्यात मात्र त्यांचे दिवस येतात. धान निघालेलं असतं, धानाच्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक गुडघ्याला लागत असतं, सकाळी धुकं पाण्यावरून उठता उठत नाही, आणि त्या धुक्यात झाडाखाली पडलेलं बोर उचलून तोंडात टाकलं की दाताला कळ येते, इतकं गार. झाडाखाली एक आंबूस वास असतो. तो पिकल्या बोरांचा की सडल्या बोरांचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्हींचा असावा.

आधी आम्ही बाया जंगलात येरोनीसाठी जायचो. काळी, वाटाण्याएवढी जंगली बोरं. खाऊन आलो की ओठ, जीभ, पदर सगळं काळं. आता कोणी जात नाही. वाघ कुठल्या बाजूला आहे ते फॉरेस्टवाले येऊन सांगतात, पण ते वाघाला कोण सांगणार? त्यामुळे आता बोर म्हणजे पाळीवरची तेवढीच. वेचायची, छपरावर वाळत टाकायची, मिठाच्या पाण्यात उकडायची, उरली तर कुटून बोरकूट करायचं. दरवर्षी मी हे सगळं करते. करताना हात चालतात आणि डोकं भलतीकडेच असतं.

भलतीकडे म्हणजे माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. तीस वर्षं होऊन गेली त्याला.

माझं माहेर चामोर्शीकडचं. आमच्याकडे मासे धरणं आजोबांच्या काळातच सुटलं होतं; बाबांना धानाशिवाय दुसरं काही माहीत नव्हतं. मी पडले ती मासे धरणाऱ्या घरात. अंगणात पाय ठेवला तर सगळीकडे जाळी. वाळत घातलेली, फाटलेली, शिवायला घेतलेली. आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी ताकीद दिली, की या अंगणात बोरीची काडीसुद्धा आणायची नाही. बोरीला दोन-दोन काटे असतात, एक सरळ आणि एक वाकडा. सरळ काट्यातून जाळं सोडवावं तर वाकडा धरून ठेवतो. एका डहाळीपायी अख्खी दुपार जाते. म्हणून आमच्या लोकांचं आणि बोरीचं वाकडंच. कामापुरती ओळख ठेवायची. काम एकच. उन्हाळ्यात बोडी आटली की तिच्या चिखलात खुट्या ठोकून बोरीच्या काटेरी फांद्या बांधायच्या. पावसाळ्यात वर पाणी भरतं, फांद्या खाली लपतात, आणि कोणी चोरून जाळं ओढायला आला तर त्याचं जाळं तिथंच अडकतं. मासळी वाचते.

अशा घरातल्या माणसानं बोर पाळली होती, आणि तीही पोटच्या लेकरासारखी. ते माझे सासरे. मी त्यांना मामाजी म्हणते.

त्याचं असं झालं, की माझ्या लग्नाआधी दोन वर्षं मामाजी बोडीत सोडायला माशांचं बी आणायला गेले होते, पार वर्ध्याकडे. तिथं कोणाच्या तरी मळ्यात त्यांनी पोराच्या मुठीएवढी बोरं देणारी झाडं पाहिली. मळेवाल्याशी काय बोलले देव जाणे, पण परत येताना बियांच्या पिशव्यांसोबत ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेल्या चार हिरव्या काड्या घेऊन आले. पाळीवरच्या एका जंगली बोरीला त्यांनी गुडघ्याएवढ्या उंचीवर चीर दिली, काडीवरचा कोंबाचा डोळा काढून त्या चिरेत बसवला, वर प्लास्टिकची पट्टी आणि त्यावरून जाळ्याचा दोरा. गावातली माणसं हसली. मासे धरणारा माणूस झाडाला शिवत बसला म्हणाली. असे चार डोळे बसवले, त्यातला एकच लागला. जिथं लागला तिथं खोडाला गाठ आली. गाठीच्या वर नवी बोर, खाली जुनी.

मी आले त्या हिवाळ्यात ती पहिल्यांदा भरून आली.

मला तो हिवाळा आठवतो तो असा. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचे दिवस, गावात नाटक आलेलं, घराघरांत पाहुणे. आणि मामाजी पाळीवर त्या बोरीखाली पोतं टाकून बसलेले, हातात आकडीची काठी. तुळशीचं लग्न लागेपर्यंत आमच्या घरात कोणी नवं बोर तोंडात घालत नाही, आणि त्या वर्षी मामाजींनी हा नियम पाखरांनाही लावला होता. पोपट आला की आकडी उगारायचे. लग्न लागलं, पाच बोरं तुळशीपुढं ठेवली, मग वाटप. पाहुण्याला एक बोर. पळसाच्या पानावर, एकच. बसून खायचं, बी परत द्यायचं. कोणी दुसरं मागितलं तर म्हणायचे, "पाहाले आले की पोट भराले?" मला मात्र दोन मिळाली. सासूबाई म्हणाल्या, "सुनेले दोन काऊन?" मामाजी म्हणाले, "थे घरची आहे."

गोड होतं ते बोर. मला आठवतं की गोड होतं. दात लागला की करकन् आवाज आणि मग पाणी सुटायचं. यांना विचारलं तर म्हणतात, गोड कसलं, नुसतं मोठं होतं. मी भांडते. पण भांडून झाल्यावर वाटतं, मला बोर आठवतं की "थे घरची आहे" हे आठवतं? माहेर सोडून आठ महिने झालेल्या पोरीला ते शब्द कसे लागले असतील, त्याची चव आणि बोराची चव आता माझी मलाच वेगळी करता येत नाही.

शेजारच्या गिरजाबाईंनाही एक बोर मिळालं होतं. त्या खात खात म्हणाल्या, "भाऊ, असं बोर म्या जनमात नाई खाल्लं. नजर लागन तुमच्या झाडाले." सहज बोलल्या. हे वाक्य मला आठवणीत ठेवावंच लागलं.

मग उन्हाळा आला. बोडी आटली. काटे टाकायचे दिवस. मामाजी बोडीत खुट्या ठोकत होते, हे तेंदूची पानं तोडायला गेले होते, आणि सासूबाई मला म्हणाल्या, "पाळीवरून बोरीचे काटे तोडून आन." मी कुऱ्हाड घेतली.

इथून पुढचं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे, की त्यातलं घडलेलं किती आणि सांगून सांगून घट्ट झालेलं किती, ते मला समजत नाही. एवढं पक्कं, की मी इतर बोरी तोडल्या. एवढंही पक्कं, की मी मामाजींच्या बोरीपाशी आले तेव्हा ती कोणती बोर आहे हे मला माहीत होतं. मी चुकून दुसरं झाड समजून नाही तोडली. समजून तोडली. हिवाळ्यात मी ऐकलं होतं, की बोर छाटली की पुढच्या साली दुप्पट येते. मामाजींनीच कोणाला तरी सांगितलं होतं. वाटलं, आपण छाटून ठेवू, बघून खूश होतील. आणि आमच्या माहेरी बोर छाटायची म्हणजे बुडापासून. धुऱ्यावरच्या बोरी बाबा दर उन्हाळ्यात जमिनीलगत साफ करायचे, कुंपणाला काटे व्हायचे, पावसाळ्यात पुन्हा झाड उभं. मला छाटणं म्हणजे तेवढंच येत होतं. मी ती बोर नीट, मन लावून, बुडापासून तोडली. गाठ त्या काट्यांच्या भाऱ्यात गेली आणि बोडीच्या चिखलात पुरली गेली.

गाठीचं मला कोणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं? त्या हिवाळ्यात मामाजी झाडाखाली बसून बोलायचे आणि मी डोक्यावर पदर ओढून, मान खाली घालून होय होय करायची. नव्या सुनेला ऐकण्यापेक्षा ऐकल्यासारखं दिसणं जास्त गरजेचं असतं. कदाचित तेव्हा त्यांनी सांगितलं असेल, या गाठीच्या खाली हात लावायचा नाही म्हणून. मी होय म्हटलं असेल.

पावसाळ्यात ती बोर अशी जोरानं फुटली, की सगळे बघत राहिले. मला आनंदानं काही सुचेना. पुढच्या हिवाळ्यात बोरं नव्हतीच, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात लागली. बारीक, गोल, गोट्यांसारखी. तोंडात टाकली की डोळे मिटावे लागत, एवढी आंबट. मामाजींनी एक खाल्लं, बी थुंकलं, आणि म्हणाले, "जमीन खराब झाली." पोतं उचलून घरी आले. त्यानंतर ते त्या झाडाखाली बसले नाहीत.

सासूबाईंना जमिनीचं पटलं नाही. त्यांनी नजरेवर बोट ठेवलं. गिरजाबाईंची नजर. झालं. त्या दिवसापासून गिरजाबाईंना आमच्या घरची मासळी बंद, हळदीकुंकू बंद, बोलणं बंद. दोन घरांमध्ये एक तुराट्यांचं कुंपण आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन म्हाताऱ्या होत जाणाऱ्या बाया, एकमेकींकडे पाठ करून भांडी घासणाऱ्या. मी रोज पाहायचे. तेव्हा मला वाटायचं, असेलही नजर. मलाही माहीत नव्हतं ना.

माहीत झालं बऱ्याच वर्षांनी. आमच्या बचत गटाच्या बायांना कृषी सहायकानं कलम कसं करतात ते दाखवलं. डोळा बसवला, दोरा बांधला आणि म्हणाला, "ताई, इथून खाली जे फुटेल ते जंगली. वरचं कापून टाकलं की झाड परत जंगली झालं समजा." बाया चिवडा खात होत्या. मी उठले, बाहेर गेले, हातपंपावर तोंड धुतलं. परत येऊन बसले. चिवडा पण खाल्ला. घरी आले तर सासूबाई आणि गिरजाबाई कुंपणाच्या दोन बाजूंना पाठ करून बसल्या होत्या.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. आधी वाटलं, आज नको. मग वाटलं, इतकी वर्षं झाली, आता काय. मग गिरजाबाई गेल्या. दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. आता या गोष्टीची माफी देऊ शकेल असा एकच माणूस जगात उरला, आणि तो माणूस विसरायला लागला.

मामाजी आता पंच्याऐंशीच्या घरात असतील. सकाळी जेवले का ते त्यांना दुपारी आठवत नाही. पण यंदा तुळशीचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी खाटेवरून आवाज आला, "बोर पिकली का वो?" मला वाटलं, उकडलेली मागताहेत. तर म्हणाले, "गाठीवरची. मोठी." त्यांच्या डोक्यात ती बोर उभी होती. भरून आलेली.

यांनी उपाय काढला. ब्रह्मपुरीहून हिरवी, मोठी, सफरचंदासारखी दिसणारी बोरं आणली, आजकाल निघाली आहेत ती. धुऊन, चिरून, मामाजींच्या हातात दिली. "घ्या, तुमच्या झाडाची." मामाजींनी हिरड्यांनी चावली, थुंकली, आणि म्हणाले, "हे पानी आहे. मले येडा समजून राह्यले का?"  डोकं गेलं तरी जीभ शाबूत होती.

त्या दिवशी मी ठरवलं. हे बाहेर गेल्यावर खाटेपाशी बसले आणि बोलून टाकलं. "मामाजी, तुमची बोर मी तोडली. गाठीच्या खालून. मले माहीत नव्हतं." इतकी वर्षं जिभेवर असलेलं वाक्य इतकं लहान निघालं, की माझं मलाच नवल वाटलं. मामाजी माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "कोन सांगतलं होतं तुले कुऱ्हाड धराले? माह्या झाडाले हात लावाले कोन सांगतलं?" संध्याकाळी जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून झोपले. मी स्वयंपाकघरात बसून रडले, पण खरं सांगते, त्या रडण्यात हलकं वाटत होतं. रागावले, बरं झालं. देणं होतं ते झालं.

सकाळी चहा घेऊन गेले. मामाजी प्रसन्न. म्हणाले, "बोर पिकली का वो?"

आता सांगा, काय करायचं? काल कबूल केलेलं आज कबूल झालेलं आहे की नाही? ज्याच्यापाशी केलं त्याच्यापाशी ते नाहीच. माझ्यापाशी आहे, पण माझ्यापाशी तर ते आधीही होतं. पुन्हा सांगावं तर म्हातारा पुन्हा उपाशी झोपणार. न सांगावं तर त्यांच्या डोक्यातली बोर रोज पिकत राहणार आणि मी रोज खोटं बोलणार. यांना विचारलं, तर म्हणाले, "तुले काई काम नाई का?" नवऱ्यांकडे याहून जास्त शहाणपण नसतं.

चार-पाच दिवसांनी मी पुन्हा सांगितलं. जीव मुठीत धरून. या वेळी मामाजी हसले. इतके हसले, की खोकला लागला. म्हणाले, "अवो, थो डोळा लागलाच नव्हता. गाठ त दोरा करकचून बांधला म्हनून आली होती. लोकाईले मी तसंच सांगत होतो." मी म्हटलं, "मंग मोठी बोरं कुठून आली?" तर म्हणाले, "कोनती मोठी बोरं?" आणि झोपले.  म्हणजे मी काहीच तोडलं नव्हतं? मग पळसाच्या पानावरचं ते बोर?

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते ऐकता ऐकता बावचळले. म्हणाले, "तू नाई तोडली. तुह्या सासूनं तोडली. मीच सांगतलं होतं तिले, काटे कमी पडले म्हनून." आणि मग सासूबाईंना हाका मारायला लागले. त्या नाहीत हे सांगावं लागलं. ते त्यांना नव्यानं कळलं. त्यानंतर मी कानाला खडा लावला, की आता नाही. माझं मन हलकं करायला मी या माणसाला रोज काय काय उचलायला लावते आहे.

पण मन म्हणून जे असतं ते कुठं ऐकतं? रागावलेले मामाजी खरे, हसलेले खरे, की सासूबाईंना हाका मारणारे खरे? मला तर कधीकधी माझाच भरवसा वाटेना. कुऱ्हाडीचा दांडा आठवतो, भारा डोक्यावर घेताना मानेत रुतलेला काटा आठवतो. पण तसे भारे मी नंतर वीस-पंचवीस उन्हाळे उचलले. मानेतला काटा कोणत्या उन्हाळ्यातला, हे कोण सांगणार. पाळीवर जाऊन त्या बोरीचं बूड पाहिलं. जाड झालं आहे, साल फाटली आहे, तोडल्याची खूण असली तरी आता दिसत नाही. झाडालाही विचारून झालं म्हणायचं.

परवा माघातली दुपार होती. ऊन छान पडलं होतं, म्हणून यांनी मामाजींना धरून धरून पाळीवर आणून बसवलं, पाठीला पोत्याची घडी दिली, आणि हे खत टाकायला धुऱ्यावर गेले. मी त्याच बोरीखाली बसून ती बारकी, आंबट बोरं वेचत होते, उकडायला. बोडीत बगळे उभे होते. मामाजी बराच वेळ पाण्याकडे पाहत होते. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "कोनाच्या घरची वो बाई तू?"

त्यांनी मला ओळखलं नाही असं पहिल्यांदाच होत होतं. मी म्हटलं, "इथलीच आहे. शेजारची."

त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. मला हातानं जवळ बोलावलं. मी सरकले. हळूच म्हणाले, "एक सांगतो, कोनाजवळ बोलू नको. हे बोर माह्या सुनेनं तोडली. बुडापासून साफ. मी बोडीतून पाहून राह्यलो होतो. वरडलो असतो, पन तोवर गाठ गेली होती."

 हातातली बोरं तशीच धरून बसले.

"तिचा दोष नाई. धानवाल्याची पोरगी, तिले का माहीत? बोडीत फांद्या टाकून हासत आली, म्हने मामाजी छाटून टाकली. मंग का बोलाचं? घरात सांगतलं असतं त बुडकीनं तिले जनमभर सुखानं पानी पिऊ देलं नसतं. मी म्हनलं, जमीन खराब झाली."

बुडकी म्हणजे सासूबाई. ते त्यांना तसंच म्हणायचे. मी कसंबसं विचारलं, "आन गिरजाबाईवर आळ आला तो?"

"थे वाईट झालं," मामाजी म्हणाले.  "मी गेलो होतो तिच्याकडे. सारं सांगतलं. म्हनलं, मी उद्या घरात खरं बोलतो. त गिरजा म्हने, राहू द्या भाऊ. मी जुनी आहे, मले काई होत नाई. थे पोरगी नवी आहे."

खरं असेल का हे? की आणखी एक दिवस, आणखी एक गोष्ट? मी हसत आले होते का बोडीवर? मामाजी छाटून टाकली, असं म्हटलं होतं? मला काही म्हणजे काही आठवत नाही. गिरजाबाई गेल्या त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात कुंपणावरून मला लोणचं द्यायच्या, सासूबाईंची पाठ असताना, आणि म्हणायच्या, "खा वो पोरी." मी तेव्हा पोरगी राहिले नव्हते, पस्तिशी उलटली होती. मी लोणचं घ्यायचे आणि आत पळायचे.

मामाजींनी माझ्या मनगटाला धरलं. बोटं हाडं झाली आहेत, पण जाळं ओढलेल्या माणसाची पकड जात नाही. म्हणाले, "तू बी तिले सांगू नको. तिले माहीत झालं त जीवाले लावून घेईन. शपत घे."

मी म्हटलं, "नाई सांगत."

"शपत?"

"शपत."

त्यांनी मनगट सोडलं आणि पुन्हा पाण्याकडे पाहायला लागले. माझ्या ओटीतली बोरं खाली सांडली, ती गोळा करायचं मला सुचेना. पदर तोंडात कोंबला तरी आवाज आलाच. मामाजी वळले. माझ्याकडे बघून त्यांना खरंच काही समजेना.

"तू काऊन रडून राह्यली वो बाई?" ते म्हणाले. "झाड त माह्यं गेलं."